पोलीस श्वान : गर्दीतील संयमाचे प्रशिक्षण

गुन्हेगाराचा माग काढणे, स्फोटके व अंमली पदार्थ शोधणे, महत्त्वाच्या स्थळांची राखण करणे इ. कामांसाठी पोलीस दलात ठेवलेल्या कुत्र्यांना पोलीस श्वान म्हणतात. त्यांच्या प्रशिक्षणाची दोन अंगे आहेत : एक, नेमून दिलेल्या कामाचे कौशल्य, व दुसरे, ते काम लोकांच्या वर्दळीत, न बिचकता व कोणालाही इजा न करता पार पाडण्याचा संयम. पहिले अंग अधिक परिचित असले, तरी दुसऱ्यावाचून ते निरुपयोगी ठरते. कारण सेवाकाळात पोलीस श्वानाचा गुन्हेगाराशी संबंध क्वचित येतो, निरपराध नागरिकांशी मात्र रोज येतो.

इतिहास : बेल्जियममधील गेंट शहराच्या पोलिसांनी १८९९ मध्ये रात्रीच्या गस्तीसाठी कुत्र्यांचे पद्धतशीर पथक उभारले. जर्मनीतील पोलीस अधिकारी कोनराड मोस्ट यांनी १९१० मध्ये श्वानशिक्षणावरील ग्रंथ प्रसिद्ध केला व या विषयाला शास्त्रीय बैठक दिली. या आरंभीच्या पद्धतींत सक्तीचा भाग मोठा होता. कुत्र्याचा दरारा हेच त्याचे बळ, अशी समजूत दीर्घकाळ टिकून होती. अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या बर्मिंगहॅम शहरात मे १९६३ मध्ये नागरी हक्कांसाठी निदर्शने करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी कुत्रे सोडले. त्याची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली आणि लोकांवर कुत्रा सोडणाऱ्या पोलीस दलाची विश्वासार्हता किती वेगाने ढासळते, हे दिसून आले.

भारतात मद्रास पोलिसांनी १९५० नंतरच्या दशकाच्या आरंभी श्वान पथक स्थापन केले. मुंबई पोलिसांचे पथक डिसेंबर १९५९ मध्ये तीन डॉबरमन कुत्र्यांनिशी सुरू झाले. गुन्ह्यांचा माग काढणे हे त्याचे मुख्य काम होते. सीमा सुरक्षा दलाने मध्य प्रदेशात ग्वाल्हेरजवळ टेकनपूर येथे १९७० मध्ये राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्र उभारले. महाराष्ट्रात राज्य गुन्हे अन्वेषण विभागाचे श्वान प्रशिक्षण केंद्र पुण्यात आहे. मुंबईतील १९९३ च्या साखळी बाँबस्फोटांनंतर तीन हजार किग्रॅ.हून अधिक आरडीएक्स शोधण्याचे श्रेय ज्याला दिले जाते, तो ‘झंजीर’ हा लॅब्रॅडॉर याच केंद्रात शिकला होता. तो नोव्हेंबर २००० मध्ये मरण पावला. या स्फोटांनंतर स्फोटकशोधाचे महत्त्व वाढले व त्याबरोबर श्वानाच्या कामाची जागाही बदलली. माग काढणारा श्वान बहुधा गुन्ह्याच्या निर्जन केलेल्या जागेपासून काम सुरू करतो; स्फोटके शोधणाऱ्यास मात्र रेल्वे स्थानक, देवालय, सभामंडप, बाजारपेठ अशा ठिकाणी वावरावे लागते.

निवड व बालसंस्कार : संयमाचा पाया प्रशिक्षण केंद्रात येण्यापूर्वीच घातला जातो. जे. पी. स्कॉट व जे. एल. फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार पिलाच्या वयाचा सुमारे तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ विशेष संस्कारक्षम असतो. या काळात ज्या पिलाला माणसांचा सहवास लाभत नाही, ते पुढे माणसांना भिते. आणि चावण्यामागे पुष्कळदा क्रौर्य नसून भीतीच असते. म्हणून पिलाला या वयात स्त्रिया, मुले, वृद्ध, गणवेशधारी, काठी टेकीत चालणारे, डोक्यावर ओझे घेतलेले अशा नाना प्रकारच्या माणसांची ओळख करून देणे इष्ट असते. निवडीच्या वेळी पिलाजवळ एखादे पत्र्याचे भांडे अचानक पाडतात. पिलू दचकते किंवा नाही यापेक्षा दचकल्यावर किती लवकर सावरते व त्या वस्तूकडे कुतूहलाने वळते, हे महत्त्वाचे मानतात. लॅब्रॅडॉर जातीचा स्वभाव मनमिळाऊ असल्याने गर्दीतील शोधकामासाठी तिला पसंती मिळते. तथापि एकाच वीणीतील पिलांतही मोठा फरक आढळत असल्यामुळे जातीपेक्षा प्राण्याची व्यक्तिगत पारख अधिक भरवशाची ठरते.

प्रशिक्षणाची पद्धती : प्रारंभी ‘सिट’, ‘स्टे’, ‘हील’ यांसारख्या आज्ञांचे पालन शिकविले जाते. आज्ञा पाळताच खाऊ, चेंडू किंवा शाबासकी मिळते व या प्रबलनाने वर्तन दृढ होते. मारझोडीने कुत्रा आज्ञा पाळतो, परंतु त्याच्या मनात माणसाच्या हाताविषयी धास्ती बसते; आणि गर्दीत असे हात शेकड्यांनी असतात. या कारणाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सक्तीची पद्धत मागे पडून बक्षिसाची पद्धत पुढे आली.

त्यानंतरचा टप्पा सरावण्याचा होय. ज्या उद्दीपकाने कुत्रा अस्वस्थ होतो, तो प्रथम दुरून व सौम्य स्वरूपात आणि नंतर क्रमाक्रमाने जवळून दिला जातो. उदा., ढोलाचा आवाज आरंभी एवढ्या अंतरावर ठेवतात, की कुत्रा त्याची दखल घेतो पण खाऊ नाकारीत नाही. आवाजापाठोपाठ खाऊ मिळत गेल्याने तोच आवाज सुखद अनुभवाशी जोडला जातो. आयव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शरीरक्रियावैज्ञानिकाने विशद केलेल्या अभिसंधानाचाच हा उपयोग आहे. कान मागे पाडणे, शेपूट पायांत घेणे, वारंवार ओठ चाटणे, कारण नसता जांभया देणे ही ताणाची लक्षणे होत. ती दिसताच अंतर वाढवून एक पायरी मागे यावे लागते. येथे घाई केल्यास कुत्रा सरावण्याऐवजी अधिकच भित्रा बनतो.

शांतपणा म्हणजे सुस्ती नव्हे. निरुत्साही कुत्रा गर्दीत उपद्रव देत नाही, पण शोधही घेत नाही. अपेक्षित असते ती निवडक सावधता : खाद्यपदार्थांचा वास, भटकी कुत्री, हाका मारणारी मुले यांकडे दुर्लक्ष, व नेमून दिलेल्या गंधाकडे पूर्ण लक्ष.

संकेत देण्याची रीत : संशयित वस्तू आढळल्यावर ती पंजांनी उकरणे किंवा तिच्यावर भुंकणे स्फोटकांच्या बाबतीत धोक्याचे असते. म्हणून स्फोटकशोधक श्वानास वस्तूजवळ निःशब्द बसण्यास शिकवितात. या निष्क्रिय संकेताचा दुसराही लाभ आहे. श्वान एखाद्यावर भुंकला, की जमाव त्या व्यक्तीला दोषी समजून मोकळा होतो. प्रत्यक्षात त्याचे कारण तिच्या पिशवीतील डबाही असू शकतो. श्वानाची उलटतपासणी घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये महाराष्ट्रातून आलेल्या एका अपिलात श्वानाने काढलेल्या मागाचा पुरावा ग्राह्य धरला, तरी त्याला सामान्यतः फारसे वजन देता येत नाही, असे मत व्यक्त केले. न्यायालयात जी सावधगिरी, तीच रस्त्यावर राखावयाची, तर श्वानाचा संकेत त्याच्या हस्तकाला कळावा, जमावाला नव्हे.

हस्तक : श्वान सांभाळणाऱ्या पोलिसास ‘हस्तक’ किंवा ‘हँडलर’ म्हणतात. खाणे, साफसफाई, फिरविणे व प्रशिक्षण ही सर्व कामे त्याच्याकडे असल्यामुळे दोघांत दृढ नाते जडते. हस्तक घाबरला, की दोरी ताणली जाते व कुत्राही सावध होतो. त्यामुळे हस्तकाचा संयम हा श्वानाच्या संयमाचाच भाग ठरतो. श्वान कधी थकला, हे ओळखणे हेही त्याचे काम. सलग शोधकामात साधारणतः वीस ते तीस मिनिटांनंतर विश्रांती द्यावी लागते. कुत्रा प्रामुख्याने धापा टाकून शरीर थंड राखतो; धापा टाकीत असताना त्याला नीट हुंगता येत नाही. दमलेला कुत्रा चिडखोरही होतो.

पुण्यातील कसोटी : पुण्याच्या जुन्या पेठांत या प्रशिक्षणाची कठीण परीक्षा गणेशोत्सवात होते. अनंत चतुर्दशीची मुख्य मिरवणूक मंडईपासून लक्ष्मी रस्त्याने अलका चित्रपटगृहाच्या चौकाकडे जाते. या रस्त्याच्या दक्षिणेस सदाशिव पेठ आहे. तेथील कुमठेकर रस्ता व टिळक रस्ता यांवरूनही मिरवणुका निघतात आणि हा सोहळा अनेकदा चोवीस तासांहून अधिक चालतो. ढोलताशांचा गजर, गुलाल व खेटून चालणारी माणसे यांच्यात कुत्र्याचे डोके लोकांच्या गुडघ्यांच्या पातळीवर असते. पंजावर पाय पडण्याची भीती सदैव असते. पुण्यात १३ फेब्रुवारी २०१० रोजी जर्मन बेकरीत, १ ऑगस्ट २०१२ रोजी जंगली महाराज रस्त्यावर व १० जुलै २०१४ रोजी फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात स्फोट झाल्यामुळे उत्सवातील तपासणीची गरज वादातीत आहे. मात्र श्वानाच्या सहनशक्तीस मर्यादा आहेत. मंडप व मार्ग यांची तपासणी गर्दी जमण्यापूर्वी करणे, गुलालाची उधळण सुरू होण्याआधी श्वानास बाजूला घेणे आणि जवळ सावली व पाणी यांची सोय ठेवणे, ही दक्षता घेतल्यासच प्रशिक्षणाचे चीज होते. उत्तम शिकविलेला श्वानही असह्य गोंगाटात तासन्‌तास उभा केल्यास एक दिवस बिथरतो व मग दोष त्याच्यावर येतो.

नागरिकांचे वर्तन : कामावरील श्वानास हात लावणे, खाऊ घालणे, शीळ घालणे वा त्याच्या डोळ्यांत रोखून पाहणे टाळावे. मुलांना पळू न देता शांत उभे करावे व हस्तकाला वाट द्यावी. गर्दीतील श्वानाची शिस्त अशा प्रकारे प्रशिक्षक, हस्तक व नागरिक या तिघांच्या वर्तनावर अवलंबून असते.