पाहुण्या विद्यार्थ्यांचे ‘कमवा आणि शिका’

नाशिकच्या मध्यमवर्गीय घरातील मुलगा उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस निघाला, की कर्जाच्या आकड्यांबरोबर तेथील ग्रंथालयात वा भोजनगृहात मिळू शकणाऱ्या कामाचाही हिशेब मांडला जातो. तेथील नियमानुसार परदेशी विद्यार्थ्यास सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्यास २० तासांपर्यंत काम करता येते. त्यातून शुल्क फिटत नाही. पण जेवणखर्चाचा भार हलका होतो.

आपल्याकडे येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मात्र ही मुभा नाही. भारताच्या विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. मायदेशीचे चलन घसरले, की घरून येणारी तीच रक्कम येथे कमी रुपयांची होते. मग उसनवारी, चोरून केलेले काम किंवा अर्धवट सोडलेले शिक्षण, याखेरीज फारसे मार्ग उरत नाहीत.

वास्तविक श्रमातून शिक्षण ही कल्पना महाराष्ट्रास परकी नाही. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व येथे रुजविले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची याच नावाची योजना आहे.

स्थानिक गरजूंचा घास हिरावला जाईल, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तरही अमेरिकेच्या नियमातच आहे : अशा नेमणुकीने तेथील रहिवाशाचे काम जाता कामा नये. तीच अट आणि तासांची मर्यादा घालून केंद्र सरकारने आवारापुरती सवलत द्यावी. मोबदला विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कातून द्यावा. आपल्या मुलांसाठी परमुलखात जे औदार्य आपण गृहीत धरतो, ते स्वतःच्या दारी नाकारणे शोभत नाही.