बैल सुटतो, जमीन सुटत नाही

परभणी जिल्ह्यातल्या सेलूच्या मोंढ्यात कापूस-सोयाबीनची आवक चांगली झाली की उधारीची खाती मिटतात. हंगाम बसला की त्याच खात्यांतून दिवाणी दावे निघतात. आधी दावा, मग हुकूमनामा, मग वसुलीची दरखास्त, आणि शेवटी जप्तीचे वॉरंट घेऊन बेलीफ दारात. आता ताटवाट्यासुद्धा नेणार, या धास्तीने माणसे नातेवाइकांकडून आणखी कर्ज काढतात. ती धास्ती बरीचशी निराधार आहे.

१९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे. कशावर जप्ती आणता येणार नाही, याची यादीच त्यात दिली आहे. ऋणकोचे, त्याच्या बायकोचे आणि मुलांचे गरजेपुरते कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. म्हणजे मंगळसूत्राला हात लागत नाही. पाटल्या आणि गोठ यांना हे छत्र मिळणे कठीण. कारागिराची अवजारे सुटतात. शेतकऱ्याची औते, पोटापाण्यासाठी लागतील एवढी जनावरे आणि बियाणे सुटते. किती जनावरे लागतात हे न्यायालय ठरवते. शेतकरी, मजूर किंवा घरगडी स्वतःच्या मालकीच्या ज्या घरात राहतो, ते घरही जप्तीबाहेर. मजुराची मजुरी, भविष्य निर्वाह निधी आणि आयुर्विम्याचे पैसेही तसेच.

पगारदाराचा हिशेब वेगळा. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातला दोन तृतीयांश भाग सुरक्षित. ३१,००० रुपये पगार असेल तर २१,००० हातात राहतात, जप्ती येते ती १०,००० वर. एकाच हुकूमनाम्यापोटी अशी कपात एकूण २४ महिने झाली की त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा. पोटगीचे हुकूमनामे मात्र या हिशेबात बसत नाहीत.

आता यादीत काय नाही ते पाहा. शेतजमीन नाही! नांगर वाचतो, बैलजोडी वाचते, पण ज्या काळ्या रानात ती चालायची ते रान लिलावात जाऊ शकते. ही विसंगती जुनीच आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली आणि दंगे पसरले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. खास गहाण टाकलेली नसेल तर शेतकऱ्याची जमीन हुकूमनाम्यापोटी विकायची नाही, आणि कर्जासाठी त्याला तुरुंगात टाकायचे नाही, असे त्याने ठरवले. सेलू तेव्हा निजामाच्या राज्यात होते. इथल्या कुणब्याला त्याचा उपयोग नव्हता.

रीतसर दिवाळे काढायचे म्हटले, तर सामान्य माणसासाठी १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आहे. किमान ५०० रुपयांचे देणे फेडता येत नसेल तर ऋणको स्वतः अर्ज करू शकतो. सेलूकराला त्यासाठी परभणीचे जिल्हा न्यायालय. नादार ठरल्यावर मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, पण कलम ६० ची यादी इथेही लागू असते. मुक्ततेचा आदेश होईपर्यंत नवी मिळकत आली, तर तीही धनकोंच्या वाट्याला जाते, हे अर्ज करणाऱ्याने आधी समजून घेतलेले बरे.

२०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेचा गाजावाजा खूप झाला. व्यक्तींपुरता तिचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तोही फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना. जिनिंगची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बुडाली आणि संचालकाने हमी दिली असेल, तर त्याचे बोजा नसलेले एक घर सुटते: शहरात २० लाखांपर्यंतचे, ग्रामीण भागात १० लाखांपर्यंतचे. धार्मिक रूढीचे दागिने १ लाखापर्यंत. गावातल्या किराणा दुकानदाराला यातले काहीच नाही. तो शेतकरीही नाही आणि मजूरही नाही, म्हणून त्याचे राहते घर जुन्या यादीतही बसत नाही. कर्जबाजारीपणाच्या चर्चेत या माणसाचे नावच निघत नाही, हा अन्यायच म्हणायचा.

गहाण ही या सगळ्याला असलेली मोठी पळवाट. घर तारण लिहून दिले असेल तर गहाणाच्या हुकूमनाम्यात ते विकण्यासाठी जप्ती आणावीच लागत नाही, मग सूट कुठली? बँकांच्या तारणवसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळली आहे, तरी बिगरशेती झालेल्या भूखंडाला तो आडोसा नाही. बेकायदा सावकाराने जमीन लिहून घेतली असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून ती परत मागता येते. त्यासाठी व्यवहार १५ वर्षांच्या आतला हवा.

सूट आपोआप पदरात पडेल या भरवशावर मात्र राहू नये. नोटीस येताच सातबारा, आठ-अ आणि घराचा उतारा घेऊन दरखास्तीत लेखी हरकत नोंदवावी. वकिलाची ऐपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पक्षकारांना तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि कर्ज घेताना 'ही सूट मी सोडली' असे कोणी लिहून घेतले असेल, तर घाबरू नये. कलम ६० नुसार असा करार रद्दबातल आहे.