डिझेल ट्रकला युरिया कशाला लागतो?

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस-६’ नियमांच्या बहुतेक अवजड ट्रकांना डिझेलच्या टाकीजवळ निळ्या झाकणाची आणखी एक लहान टाकी असते. ड्रायव्हर तिला सरळ ‘युरियाची टाकी’ म्हणतात.

डिझेल इंजिनात हवा दाबली की ती इतकी तापते, की फवारलेलं डिझेल ठिणगीशिवाय पेटतं. ज्वलन जितकं कडक, तितकी काजळी कमी. पण त्याच आचेत हवेतला नायट्रोजन ऑक्सिजनशी संयोग पावून विषारी नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. आच उतरवली की ते घटतात आणि काजळी वाढते. बीएस-४ मध्ये या ऑक्साइडांची मर्यादा किलोवॉट-तासाला ३.५ ग्रॅम होती, बीएस-६ ने ती ०.४६ वर आणली. म्हणून इंजिनातून बाहेर पडलेला धूर सायलेन्सरच्या वाटेवर साफ करावा लागतो.

आधी धूर प्लॅटिनमसारख्या धातूंच्या उत्प्रेरकातून जातो. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन जळतं. (डिझेलमधलं गंधक हे उत्प्रेरक निकामी करतं, म्हणूनच इंधनातलं गंधक ५० वरून १० पीपीएमवर आणावं लागलं.) पुढे मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा फिल्टर. त्याच्या नळ्या एकाआड एक टोकाला बंद असतात. वायू सच्छिद्र भिंतीतून पार होतो आणि काजळी अडकते.

अडकलेली काजळी जाळावी लागते. भरलेला ट्रक बोरघाट चढत असेल तर धूर तापलेलाच असतो, काजळी आपोआप जळत राहते. बंदराबाहेरच्या रांगेत इंजिन नुसतं चालू असेल तर नाही. मग संगणक जास्तीचं डिझेल सोडून फिल्टर ६०० अंशांच्या आसपास तापवतो. डॅशबोर्डवर दिवा लागतो. दिव्याचा अर्थ ठाऊक नसलेला ड्रायव्हर तेवढ्यात इंजिन बंद करतो. असं वारंवार झालं की फिल्टर तुंबतो आणि गाडी ओढ सोडते. यात त्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. गाडी ताब्यात देताना हे कोणी समजावून सांगितलेलं असतं का?

शेवटी युरिया. शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के युरिया असलेलं द्रावण तापलेल्या धुरात फवारलं जातं. त्यातून अमोनिया निघतो आणि पुढच्या उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडांचं निरुपद्रवी नायट्रोजन आणि पाणी होतं. १०० लिटर डिझेलमागे साधारण ४-५ लिटर द्रावण लागतं. धूर २०० अंशांच्या खाली असला तर युरिया नीट फुटत नाही, नळीत पांढरे खडे साचतात, म्हणून संगणक फवारा रोखतो. शहरातल्या कोंडीत हीच अडचण होते. शेतीचा युरिया नळाच्या पाण्यात विरघळवून चालत नाही. २०१५ पासून तो कडुलिंबाच्या तेलाचा लेप देऊन विकला जातो, शिवाय पाण्यातले क्षार उत्प्रेरकावर बसतात.

युरिया संपला तर गाडीची ताकद कमी होते. युरियाचा खर्च वाचवायला काही जण सेन्सरचे खोटे संकेत देणारी पेटी बसवतात. गाडी जोमात पळते, धूरही काळा दिसत नाही, कारण नायट्रोजन ऑक्साइड नळीतून निघताना सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. डिझेल गाडीच्या पीयूसी तपासणीत फक्त धुराची घनता मोजतात, त्यामुळे असा ट्रक सहज पास होतो. या तपासणीत नायट्रोजन ऑक्साइडांचं मोजमाप आलंच पाहिजे. फिल्टर काढलाय का आणि अशी पेटी जोडली आहे का, हेही गाडीखाली वाकून बघायला हवं.