नातवंडांशी खेळायला हेडसेट कशाला?

परदेशातल्या नातवंडांशी व्हीआरच्या आभासी अंगणात खेळायचं, ही कल्पना मोहक आहे. तरी शाळेत जाण्याआधीच्या वयाला तिची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. मेटाने २०२३मध्ये आपल्या क्वेस्ट या व्हीआर हेडसेटची वयोमर्यादा १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीतल्या खात्यासाठी. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ बारा वर्षांखालच्यांसाठी नाहीच. लहान मुलाला बांधून ठेवतो तो समोरच्याचा तत्काळ प्रतिसाद. रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांच्या २०१४च्या अभ्यासात २४ ते ३० महिन्यांची मुलं नवी क्रियापदं व्हिडिओ कॉलवरूनही प्रत्यक्षासारखीच शिकली, आधी चित्रित केलेल्या व्हिडिओतून मात्र नाही. हेडसेट तर आजीचा चेहराच झाकतो, आणि मूल नेमका तोच वाचतं!

‘व्हीआरमध्ये एकत्र असल्याचा भास होतो, फोनसमोरून मूल दोन मिनिटांत पळतं,’ हा आक्षेप रास्त आहे. पण ‘जेवलास का, आज काय केलं’ या चौकशीला कुठलं मूल थांबेल? दोन्हीकडे भातुकली मांडा, आजोबांनी बाहुली लपवावी, नातीने ‘डावीकडे बघा’ म्हणावं. स्क्रीनच्या वेळेची धास्तीही इथे कमी धरा: अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीनपासून दूर ठेवायला सांगताना व्हिडिओ कॉलला सूट दिली होती. येत्या रविवारच्या कॉलला चौकशी बाजूला ठेवा आणि एक खेळ ठरवून बसा.