ई-पुस्तक संगणकात आले. पण आपले झाले का?

घरातील कपाटे भरून वाहू लागली, की पुस्तकप्रेमी वाचकाचे लक्ष आपसूक संगणकाकडे वळते. बोटभर पेनड्राइव्हमध्ये हजारो पुस्तके मावतात, ही सोय मोहात पाडणारीच आहे. मात्र पुस्तक संगणकात उतरवून घेतले म्हणजे ते आपले झाले, असे नव्हे. ते किती सुखाने वाचता येईल आणि किती वर्षे आपल्यापाशी राहील, हे त्या फाइलच्या स्वरूपावर अवलंबून असते.

ई-पुस्तकाची कल्पना तशी जुनी आहे. १९७१ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात मायकेल हार्ट यांनी तेथील स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकलिखित केला आणि 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग'चा आरंभ झाला. या प्रकल्पाने साध्या मजकुराच्या फायलींवर भर दिला. त्यामुळे त्या आजही कोणत्याही संगणकावर उघडतात.

आज वाचकाच्या हाती प्रामुख्याने दोन प्रकारच्या फायली येतात. 'अडोबी' कंपनीने १९९३ मध्ये आणलेली पीडीएफ फाइल छापील पान जसेच्या तसे दाखवते. चित्रे व तक्ते असलेल्या पुस्तकांना ती सोयीची. पण अक्षर मोठे केले, की ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते. २००७ मध्ये रूढ झालेल्या ईपब प्रकारात मजकूर प्रवाही असतो. अक्षर वाढवले, की ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे नव्याने जुळतात. मूळचे भारतीय असलेले कोविद गोयल यांचे 'कॅलिबर' हे सॉफ्टवेअर यासाठी मोफत उपलब्ध असून, पुस्तकांची सूची ठेवणे व एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात रूपांतर करणे ही कामेही ते करते.

मराठी वाचकापुढे आणखी एक अडचण असते. अनेक जुनी मराठी पुस्तके स्कॅन केलेली, म्हणजे केवळ पानांची छायाचित्रे असतात. काही पुस्तके युनिकोडपूर्व फाँटमध्ये जुळवलेली असतात. डोळ्यांना ती मराठी दिसतात, संगणकाला मात्र तो मजकूर मराठी म्हणून कळत नाही. याची परीक्षा सोपी आहे. पानावर दिसणारा एखादा शब्द शोधचौकटीत टंकित करून पाहावा. तो सापडला नाही, तर त्या पुस्तकाचे ईपबमध्ये नीट रूपांतर होणार नाही, असे बहुधा समजावे.

अशी पुस्तके अधिकृतपणे मोफत मिळतातही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर उपलब्ध करून दिली आहेत. शिवाय भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो. १९५० मध्ये निवर्तलेल्या साने गुरुजींचे असे साहित्य त्यामुळेच १ जानेवारी २०११ पासून सर्वांना खुले झाले. हयात लेखकाच्या पुस्तकाची फुकट फिरणारी प्रत घेणे हा मात्र त्याच्या मेहनतीवर घाला होय.

विकत घेतलेल्या पुस्तकांची गोष्ट निराळी आहे. त्यांपैकी अनेकांना विक्रेत्याचे डिजिटल कुलूप असते. २००९ मध्ये 'अॅमेझॉन'ने, विक्रीचे हक्क नसलेल्या प्रती म्हणून, जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. २०१९ मध्ये 'मायक्रोसॉफ्ट'ने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा तेथून विकत घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. दोन्ही वेळी पैसे परत मिळाले, पुस्तके गेली. म्हणून किंमत पाहण्याआधी 'फाइल माझ्या संगणकावर कुलुपाविना ठेवता येईल का?' हे पाहणे हिताचे.

वाचताना खिडकीची रुंदी कमी करून ओळ आखूड ठेवावी, पडद्याचा उजेड खोलीतील प्रकाशाशी जुळता ठेवावा आणि दर २० मिनिटांनी काही क्षण दूरवर नजर टाकावी. संग्रहाची एक प्रत संगणकाबाहेर, दुसऱ्या डिस्कवरही असू द्यावी. कागदी पुस्तकाला वाळवीपासून जपावे लागते, तसेच ई-पुस्तकाला बिघडणाऱ्या डिस्कपासून आणि बंद पडणाऱ्या दुकानापासून जपावे लागते.