पूर्ण देय आणि किमान देय: क्रेडिट कार्डाचा हिशेब

क्रेडिट कार्ड या एकाच नावाखाली दोन निराळे व्यवहार चालतात आणि त्यांची सांगड इतक्या सफाईने घातलेली असते की पहिला कुठे संपतो व दुसरा कुठे सुरू होतो, हे पुष्कळ कार्डधारकांच्या ध्यानात येत नाही. पहिला व्यवहार पैसे चुकते करण्याचा आहे: महिनाभर खरेदी करायची, तिचे एकत्रित बिल आले की ठरलेल्या तारखेच्या आत ते पूर्ण भरून टाकायचे. दुसरा व्यवहार कर्जाचा आहे आणि ते कर्ज विनातारण, म्हणजे सोने किंवा घर असे काहीही गहाण न ठेवता मिळणारे असल्यामुळे बँकांच्या कर्जांत सर्वांत महागांपैकी एक ठरते. कार्ड निवडताना आणि वापरताना होणारा बहुतेक घोटाळा पहिल्या व्यवहाराचे फायदे पाहून दुसऱ्यात पाऊल टाकल्याने होतो.

या दोन व्यवहारांची कुळेही वेगळी आहेत. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये फ्रँक मॅकनमारा यांनी सुरू केलेल्या डायनर्स क्लबच्या कार्डावर बिल पूर्ण भरावे लागे. वाण्याकडच्या खात्यासारखाच तो मामला होता, फक्त दुकाने अनेक आणि वही एक. उलट १९५८ साली बँक ऑफ अमेरिकेने कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात सुमारे साठ हजार कार्डे कोणी मागितलेली नसताना टपालाने घरोघर धाडली, आणि त्यांवर बिलाचा थोडा भाग भरून उरलेली रक्कम व्याजाने पुढे ओढण्याची सोय ठेवली. हेच कार्ड पुढे १९७६ मध्ये ‘व्हिसा’ झाले. भारतात सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० मध्ये आपले क्रेडिट कार्ड आणले. फ्रेस्नोची रीत मात्र आज भारतात निषिद्ध आहे: रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार ग्राहकाच्या स्पष्ट संमतीविना कार्ड देता येत नाही, आणि तसे देऊन शुल्क आकारलेच, तर ते मागे घेऊन त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून ग्राहकाला द्यावी लागते.

पहिल्या व्यवहाराचा मुख्य लाभ म्हणजे बिनव्याजी मुदत. ‘पन्नास दिवस बिनव्याजी’ अशी जाहिरात दिसते, पण ही मुदत प्रत्येक खरेदीला सारखी मिळत नाही. एखाद्या कार्डाचे बिल दर महिन्याच्या १० तारखेला निघते आणि ते भरण्याची अंतिम तारीख ३० आहे, असे धरले, तर ११ जूनला केलेली खरेदी १० जुलैच्या बिलात येते आणि ३० जुलैपर्यंत तिचे पैसे द्यायचे असल्याने ४९ दिवस मिळतात. तीच खरेदी ९ जुलैला केली तर केवळ २१ दिवस. मोठी खरेदी बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी करावी, असे जाणकार सांगतात ते यामुळेच. बिलाची तारीख पगाराच्या तारखेशी जुळत नसेल, तर ती बदलून मागण्याची सोयही या निर्देशांनी दिली आहे, आणि ‘बिल महिनाअखेरीस येते, तेव्हा हातात पैसेच नसतात’ या तक्रारीवर यापेक्षा सोपा उपाय नाही.

दुसऱ्या व्यवहाराचे दार बिलावरच छापलेले असते. तिथे दोन आकडे शेजारी असतात: एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम, जिला बोलताना सर्रास ‘मिनिमम ड्यू’ म्हणतात. किमान देय ही बहुधा थकबाकीच्या पाच टक्के असते. ती भरली की विलंब शुल्क लागत नाही आणि खाते थकीत धरले जात नाही. एवढ्यावरून ‘या महिन्याचे निभावले’ असा समज होतो. व्याज मात्र थांबत नाही, इतकेच नव्हे, तर बिनव्याजी मुदतही मागील तारखेपासून रद्द होते.

हा हिशेब एकदा तपशिलाने पाहिला पाहिजे. वरच्याच कार्डावर १५ जूनला ४०,००० रुपयांची एकच खरेदी झाली, व्याजदर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे, आणि कार्डधारकाने ३० जुलैला पाच टक्के, म्हणजे २,००० रुपये भरले, असे समजू. आता व्याज ३० जुलैनंतर उरलेल्या रकमेवरच लागेल, ही अपेक्षा चुकीची ठरते. १५ जून ते ३० जुलै या ४५ दिवसांचे पूर्ण ४०,००० रुपयांवरील व्याज सुमारे २,०७१ रुपये होते, त्यानंतर १० ऑगस्टच्या बिलापर्यंतच्या ११ दिवसांचे ३८,००० रुपयांवरील व्याज सुमारे ४८१ रुपये, आणि क्रेडिट कार्डावरील व्याज जीएसटीतून वगळलेले नसल्यामुळे या दोहोंच्या बेरजेवर १८ टक्के कर, सुमारे ४५९ रुपये. सारे मिळून ३,०११ रुपये. दोन हजार भरल्यानंतर आलेले पुढचे बिल अशा रीतीने ४१,०११ रुपयांचे असते, मूळ बिलापेक्षा हजाराने जास्त. त्यातच ५ ऑगस्टला दहा हजारांचे वाणसामान घेतले, तर जुनी बाकी पूर्ण फिटलेली नसल्याने त्या नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही आणि तिच्यावर खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होते.

किमान रकमेच्या भरण्यातून थकबाकी वाढतच राहू नये, यासाठी रिझर्व्ह बँकेने तिची आकारणी व्याज व शुल्क भरून निघेल अशी ठेवण्यास सांगितले आहे, त्यामुळे पुढच्या बिलात किमान देय रक्कमही फुगून येते. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास परतफेड महिनोन्‌महिने, कदाचित वर्षानुवर्षे लांबेल, अशी सूचना प्रत्येक बिलावर देण्याचे बंधनही आहे. ती सूचना छापलेली असते. कितीजण वाचतात हा वेगळा प्रश्न.

इतक्या चढ्या दराला कायद्याची मर्यादा नाही का, याचे उत्तर डिसेंबर २०२४ पासून स्पष्ट आहे. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ मध्ये क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती; सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे हे बँकांचे आणि त्यांवर देखरेख ठेवणे हे रिझर्व्ह बँकेचे काम राहिले, त्यामुळे ग्राहकाच्या हाती स्वतःची परतफेडच उरते. बिल खरोखरच झेपत नसेल, तर ते कार्डावर ओढत राहण्यापेक्षा सोनेतारण किंवा वैयक्तिक कर्ज काढून फेडणे बहुधा स्वस्त पडते. कार्डाने एटीएममधून रोख काढणे मात्र अडचणीतही टाळावे, कारण तिथे बिनव्याजी मुदत मुळीच नसते, व्याज त्याच दिवसापासून चालू होते आणि वर शुल्कही लागते.

कार्डाची निवड आपण यांपैकी कोणत्या व्यवहारात राहणार, यावर ठरते. दर महिन्याला बिल पूर्ण भरणाऱ्याला व्याजदराशी कर्तव्य नाही. त्याने वार्षिक शुल्क आणि रिवॉर्ड पॉइंटांची खरी किंमत पाहावी. समजा, एका कार्डावर दर १५० रुपयांच्या खर्चाला दोन पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटची किंमत २५ पैसे आहे. म्हणजे परतावा शंभराला ३३ पैसे झाला. वार्षिक शुल्क ४९९ रुपये असेल, तर ते जीएसटीसह ५८९ होते, आणि तेवढेच वसूल करायला वर्षाला सुमारे १,७७,००० रुपये कार्डावर खर्च करावे लागतात. त्यातही घरभाडे, इंधन, वॉलेटमधील भरणा अशा खर्चांवर अनेक कार्डे पॉइंट देतच नाहीत. विमानतळावरील लाउंजची सोय वर्षातून एकदा गावी एसटीने जाणाऱ्याच्या काय कामाची? अशा माणसाला वार्षिक शुल्क नसलेले साधे कार्ड पुरते. ज्याचे बिल अधूनमधून थकते, त्याने तर पॉइंटांचा विचारच करू नये, कारण शेकडा एक-दोन रुपयांच्या परताव्याने शेकडा बेचाळीसचे व्याज भरून येत नाही. उत्पन्नाचा दाखला नसलेल्या गृहिणींना किंवा विद्यार्थ्यांना मुदत ठेवीच्या तारणावर मिळणारे कार्ड उपलब्ध असते. त्याची मर्यादा ठेवीच्या प्रमाणात राहते.

दसरा-दिवाळीला दुकानांतून झळकणारी ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी याच हिशेबाने वाचावी. ३०,००० रुपयांचा फोन दरमहा ५,००० प्रमाणे सहा हप्त्यांत मिळतो, तेव्हा व्याज नाहीसे झालेले नसते; विक्रेता व्याजाइतकी सूट आधी देतो आणि बँक ते व्याज हप्त्यांतून घेते. दर १६ टक्के असेल, तर सुमारे १,३५० रुपयांचे व्याज सुटीत वळते होते, पण त्यावरील जीएसटी, सुमारे २४४ रुपये, ग्राहकालाच पडतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये असल्यास तेही करासह वाढते, आणि ‘बिनखर्ची’ हप्त्यांचा खर्च पावणेपाचशेच्या वर जातो. ही रक्कम जाचक नाही, परंतु रोखीने घेणाऱ्याला तीच सूट मिळते का, हे दुकानदाराला विचारायला हरकत नसावी.

कार्डाचा वापर पतगुणांकावर, म्हणजे कर्ज फेडण्याच्या सवयीवरून ३०० ते ९०० या पट्टीत दिल्या जाणाऱ्या आकड्यावर उमटतो. बँका हा आकडा बोलीभाषेत ‘सिबिल’ म्हणूनच विचारतात, जरी सिबिलखेरीज आणखी तीन पतमाहिती कंपन्या देशात आहेत. एकूण मर्यादेच्या तीस टक्क्यांपर्यंतच कार्ड वापरावे, असा संकेत आहे. चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पतअहवाल विनामूल्य मिळतो, आणि गृहकर्जाचा अर्ज करण्याच्या काही महिने आधी तो मागवला, तर त्यातील चूक दुरुस्त करून घ्यायला सवड राहते.

फसवणुकीच्या बाबतीत वेळेला फार महत्त्व आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार, बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिऱ्हाइताने केलेला गैरव्यवहार सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकावर कसलीही जबाबदारी येत नाही, मात्र ग्राहकाने स्वतःच ओटीपी सांगितला असेल, तर बँकेला कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याच्याच माथी येते. बँकेने तीस दिवसांत तक्रारीची दाद घेतली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. नको असलेले कार्ड बंद करायचे असल्यास थकबाकी शून्य करून लेखी विनंती द्यावी. बँकेने ते सात कामकाजी दिवसांत बंद केले नाही, तर पुढील प्रत्येक दिवसासाठी ५०० रुपये ग्राहकाला देणे तिच्यावर बंधनकारक आहे.