विक्रीची वस्तू आणि तिचा कॅमेरा

श्रोतेहो, व्यापाराचा एक जुना संकेत असा आहे की, गिऱ्हाइकाने माल हाती घ्यावा, उलटसुलट करून पाहावा, नखाने टिचकी मारून त्याचा नाद ऐकावा आणि मगच कनवटीचा पैसा सोडावा. पैठणीचा पदर बोटांत धरून पाहणारी गृहिणी किंवा तांब्याचा हंडा वाजवून घेणारा शेतकरी हे दोघेही हा संकेत पाळीत आले आहेत. आज मात्र असा एक बाजार उभा राहिला आहे की जेथे ना स्पर्श आहे, ना नाद, ना वास. तेथे गिऱ्हाइकाची पाचही इंद्रिये एका डोळ्यात गोळा झालेली असतात, आणि त्या डोळ्यापुढेही प्रत्यक्ष वस्तू नसून केवळ तिचे छायाचित्र असते. ऑनलाइन विक्री म्हणतात ती हीच. या विक्रीसाठी वस्तूंची छायाचित्रे घ्यावयाची तर कॅमेरा कोणता निवडावा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय हवेत राहू नये म्हणून आपण एक ठिकाण मनाशी धरू. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सुमारे २५ किलोमीटरांवर ओरत्तनाडु नावाचे गाव आहे. मराठी माणसाला हे नाव परके वाटेल. परंतु तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुक्तांबा या आपल्या प्रिय स्त्रीच्या नावे बांधलेले छत्र याच गावी आहे. छत्र म्हणजे वाटसरूंना मोफत अन्न आणि आसरा देणारी धर्मशाळा. येथे त्याला जोडून शाळाही होती. रामेश्वराकडे जाणारे यात्रेकरू अशा छत्रांतून विसावा घेत. म्हणजे अनोळखी माणसाने दुसऱ्या अनोळखी माणसावर विश्वास ठेवावा, हा व्यवहार या भूमीला नवा नाही.

ज्या वस्तूंमुळे तंजावर जिल्ह्याचे नाव दूरवर पोचले आहे त्यांपैकी कित्येकींना मराठी राजवटीचा आश्रय लाभला. सोन्याच्या वर्खाची तंजावरी चित्रे त्या काळात बहरली. पितळेच्या ताटावर चांदीचे आणि तांब्याचे नक्षीकाम बसवून केलेले तंजावरी ताट, कसेही कलंडले तरी पुन्हा उभे राहणारी तंजावरी बाहुली आणि फणसाच्या लाकडाची वीणा, या सर्वांना आज भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ही कामे करणारी घरे लहान आहेत. आपला माल पुण्याच्या किंवा इंदूरच्या गिऱ्हाइकास दाखवावयाचा तर त्यांना छायाचित्रावाचून गत्यंतर नाही. येवल्याचा विणकर, कोल्हापूरचा चर्मकार आणि सावंतवाडीचा खेळणी करणारा कारागीर यांची अडचण हीच आहे. म्हणून ओरत्तनाडूच्या निमित्ताने जे सांगावयाचे ते साऱ्यांनाच लागू पडावे.

वस्तूचे छायाचित्र घेऊन ती दूरच्या माणसास दाखवावी, ही कल्पना मुळात जुनीच आहे. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली आणि १८५४ साली मुंबईत छायाचित्रणाची संस्थाही निघाली. १८५८ साली मद्रास सरकारचे छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप तंजावरास आले. बृहदीश्वराच्या विमानाच्या जोत्यावरील कोरीव लेख एका चित्रात मावणे शक्य नव्हते. तेव्हा त्यांनी क्रमाने अनेक चित्रे घेतली आणि २१ ठसे एकास एक जोडून सुमारे १९ फूट लांबीची पट्टी सिद्ध केली. त्यांचा कॅमेरा अवजड आणि कागदी निगेटिव्ह मंद होते. तरीही ते लेख त्या पट्टीवर वाचता येतात. याचे कारण उघड आहे. काय दाखवावयाचे ते त्यांनी आधी ठरविले आणि मग कॅमेरा त्या कामास जुंपला. आपणही क्रम हाच ठेवावा.

दुकानात गेल्याबरोबर विक्रेता प्रथम मेगापिक्सेलचा आकडा सांगतो. मेगापिक्सेल म्हणजे चित्रातील दहा लाख ठिपके. बहुतेक विक्रीस्थळांवर २००० ठिपके रुंद आणि तितकेच उंच चित्र भरपूर होते. गुणाकार केला तर हे अवघे ४ मेगापिक्सेल झाले. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी पहिला अंकीय कॅमेरा तयार केला तेव्हा त्यात जेमतेम १०,००० ठिपके होते आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर नोंदण्यास २३ सेकंद लागत. आज हाती असणारा साधा फोनही १२ मेगापिक्सेलचे चित्र घेतो. तेव्हा आकड्यांच्या या शर्यतीकडे आपण निर्धास्तपणे पाठ फिरवावी.

महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे, आणि ती म्हणजे कॅमेरा वस्तूपासून किती अंतरावर ठेवता येतो. तंजावरी बाहुलीचे उदाहरण घ्या. तिचा पुढचा भाग कॅमेऱ्यापासून ३० सेंटिमीटरांवर आणि मागचा ४० सेंटिमीटरांवर असला, तर पुढचा भाग मागच्यापेक्षा एकतृतीयांशाने मोठा दिसेल. पोट फुगेल आणि मुकुट आक्रसेल. तीच बाहुली दीड मीटरावरून टिपली तर हा फरक पंधराव्या हिश्श्यावर येतो आणि तिचे खरे प्रमाण दिसते. फोनचे मुख्य भिंग रुंद दृश्य घेणारे असल्याने माणूस नकळत वस्तूच्या फार जवळ जातो. यावर उपाय असा की, फोनला दुप्पट अंतराचे वेगळे भिंग असेल तर ते वापरावे. नसेल तर मागे सरून चित्र घ्यावे आणि कडा नंतर कापाव्यात. ठिपके भरपूर आहेत, त्यांचा उपयोग येथे होतो. वेगळा कॅमेरा घेणार असाल तर ५० ते ६० मिलिमीटरांच्या आसपासचे भिंग लागेल. वीतभर वस्तूसाठी कॅमेऱ्यासोबत मिळणारे १८ ते ५५ मिलिमीटरांचे भिंगही पुरते. मात्र नथ, कुडी किंवा ताटावरील बारीक नक्षी विकणाऱ्यास मॅक्रो भिंगावाचून चालणार नाही.

यानंतर संवेदकाचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या पटलाचा, विचार करू. मोठे पटल म्हणजे उत्तम कॅमेरा, असे सर्वत्र ऐकू येते. रात्रीच्या समारंभासाठी किंवा धावत्या घोड्यासाठी ते खरेही आहे. पण आपली वस्तू मेजावर निश्चल बसलेली असते. शिवाय पटल जितके मोठे तितकी स्पष्टतेची खोली कमी. म्हणजे बाहुलीचे नाक रेखीव आणि कान पुसट, असे होते. चित्रकाराला ही पुसट पार्श्वभूमी आवडेल. गिऱ्हाइकाला मात्र कानही पाहावयाचा असतो. फोनचे पटल लहान असल्यामुळे त्याला ही खोली आपसूक लाभते. मोठ्या कॅमेऱ्यात तीच खोली मिळविण्यासाठी भिंगाचे छिद्र आठ किंवा अकरा या आकड्यांपर्यंत बारीक करावे लागते. छिद्र बारीक केले की प्रकाश कमी येतो, म्हणून झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते, आणि इतका वेळ हात स्थिर राहत नाही. म्हणून तिवई हवी. एवढी साखळी ध्यानी घेतली की कॅमेऱ्यापेक्षा तिवईची खरेदी आधी का करावी, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता प्रकाशाकडे वळू, कारण खरी परीक्षा येथेच आहे. धातूला स्वतःचे असे रूप फार थोडे असते. त्याच्यासमोर जे असेल तेच तो दाखवितो. सोन्याच्या वर्खासमोर काळोखे छत असेल तर सोने काळवंडते. समोर पांढरे स्वच्छ कापड असेल तर तेच सोने उजळते. त्यासाठी महागडी छत्री-दिव्यांची सामग्री हवीच असे नाही. तमिळ घरात पांढरी वेष्टी असतेच. ती खिडकीवर ताणून बांधली की कडक ऊन मवाळ होते, आणि दुसरी वेष्टी वस्तूच्या विरुद्ध बाजूस धरली की सावल्या भरून निघतात.

उत्तरेकडचा प्रकाश स्थिर असतो, असे छायाचित्रणाची पुस्तके सांगतात. परंतु ही पुस्तके बहुधा थंड देशांत लिहिलेली आहेत. ओरत्तनाडु विषुववृत्तापासून साडेदहा अंशांच्या थोडे पलीकडे आहे. तेथे एप्रिलच्या उत्तरार्धापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो. त्या चार महिन्यांत उत्तराभिमुख तिण्णैवर, म्हणजे आपण जिला ओसरी म्हणतो तिच्यावर, उन्हाचा थेट झोत येऊ शकतो. मुंबईतही मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत हेच घडते. म्हणून पुस्तकापेक्षा आपल्या ओसरीवरील सावलीवर भिस्त ठेवावी.

प्रकाशाची दिशाही वस्तूगणिक बदलते. सपाट चित्रास दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी ४५ अंशांवरून समान प्रकाश द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. पण तंजावरी चित्र सपाट नसते. लाकडी फळीवर कापड, त्यावर खडूच्या लुकणाने उठाव, उठावावर सोन्याचा वर्ख आणि मध्ये जडविलेले खडे, अशी त्याची घडण असते. दोन्हीकडून सारखा प्रकाश टाकला तर तो उठाव नाहीसा होतो आणि हाताने महिनाभर राबून केलेले काम छापील कागदासारखे दिसू लागते. अशा वेळी एका बाजूचा प्रकाश प्रबळ आणि तिरपा ठेवावा. चित्राला काच बसविण्यापूर्वीच छायाचित्र घ्यावे हे उत्तम. काच असेलच तर ध्रुवीकरण करणारी गाळणी तिच्यावरील चकाकी कमी करते. उघड्या धातूवर मात्र या गाळणीची मात्रा चालत नाही, हे खरेदीपूर्वी लक्षात असू द्यावे.

राहिला प्रश्न रंगाचा. पिवळ्या दिव्याचे तापमान सुमारे २७०० केल्विन, तर दुपारच्या प्रकाशाचे सुमारे ५५०० केल्विन. दोन्ही एकाच वेळी वस्तूवर पडले की कॅमेरा गोंधळतो. एका चित्रासाठी प्रकाशाची जात एकच ठेवावी, आणि पहिल्या चित्रात वस्तूशेजारी करड्या रंगाचा प्रमाणित पुठ्ठा ठेवून त्यावरून पांढऱ्याचा समतोल साधावा. येथेच कॅमेरा निवडण्याची खरी कसोटी सापडते. ज्या यंत्रात पांढऱ्याचा समतोल, प्रकाशमान आणि केंद्रीकरण ही तिन्ही हाताने ठरविता येतात आणि जे कच्च्या स्वरूपातील चित्र जपून ठेवते, ते यंत्र आपल्या कामाचे. मग तो फोन असो की कॅमेरा. जे यंत्र आपल्या मर्जीने रंग भडक करते आणि पृष्ठभाग गुळगुळीत करते, ते कितीही महाग असले तरी विक्रेत्याच्या कामाचे नव्हे. बाहुली डोलते कशी हे दाखवावयाचे असेल तर स्वच्छ चलच्चित्र घेण्याची सोय तेवढी पाहून घ्यावी.

जुना कॅमेरा घेण्यास हरकत नाही. कित्येकदा तोच शहाणपणाचा सौदा ठरतो. मात्र भिंग उजेडासमोर धरून त्यात बुरशीचे कोळिष्टक नाही ना, हे पाहावे. दमट हवेत ही बुरशी भिंगावर घर करते. ओरत्तनाडूस ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो. कोकणात जून ते सप्टेंबर. त्या दिवसांत भिंग बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे.

तात्पर्य, पैशाची वाटणी अशी असावी: आधी प्रकाश, मग तिवई, त्यानंतर भिंग आणि सर्वांत शेवटी कॅमेरा. हाती बरा फोन असेल तर पहिल्या दोन गोष्टींवर खर्च करून महिनाभर काम करून पाहावे. एवढ्याने भागले नाही, तर नेमके काय कमी पडते हे तोवर कळलेले असते, आणि मग दुकानदाराच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

श्रोतेहो, शेवटी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२० साली आपल्या देशात ऑनलाइन व्यापारासाठी ग्राहक संरक्षणाचे नियम झाले. वस्तूचे वर्णन आणि तिची चित्रे वस्तूच्या प्रत्यक्ष रूपाशी आणि गुणाशी जुळतात, अशी हमी विक्रीस्थळाने विक्रेत्याकडून घ्यावी, असे त्यांत सांगितले आहे. म्हणजे छायाचित्र हे आता केवळ आकर्षण राहिले नसून तो एक शब्द आहे, वचन आहे. वर्ख जेथे फिकट आहे तेथे तो फिकटच दिसू द्यावा. ताटाच्या कडेला हातोडीची खूण असेल तर तिचेही एक चित्र द्यावे. वस्तूशेजारी मोजपट्टी ठेवून उंची दाखवावी. यंत्राने ओतलेल्या नकली ताटाला अशा खुणा नसतात, आणि दूरच्या गिऱ्हाइकाला खऱ्या कारागिराची ओळख पटते ती याच खुणांवरून. ती खूण लपविणारा कॅमेरा कारागिराचाच तोटा करतो. ती जशी आहे तशी दाखविणारा कॅमेरा, मग तो साधा का असेना, त्याच्या घरी असावा.